रात्रीचे पाणी आणि चढाईचा डाव

फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. आमच्या भागात शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. तो आठवडा रात्रीचा होता. गव्हाला शेवटचे पाणी द्यायचे राहिले होते. माझा पुतण्या रात्री बाराला खोरे, बॅटरी आणि मोबाईल घेऊन मळ्यात गेला. पोरगा अकरावीला, अंगाने दणकट. दारे धरण्यात घरात त्याच्याइतका तरबेज कोणी नाही. आम्ही सगळे निर्धास्त झोपलो.

पहाटे चारच्या सुमारास अंगणात आरडाओरडा झाला. खालच्या अंगाचा भाऊबंद उभा होता. आमचा पाट फुटून पाणी त्याच्या रानात शिरले होते आणि आदल्या दिवशी उपटून रचलेला त्याचा हरभऱ्याचा ढीग निम्मा भिजला होता. आम्ही धावत मळ्यात गेलो. पंप चालू, पाणी भलतीकडेच, खोरे बांधावर आडवे पडलेले, आणि चिरंजीव विहिरीच्या कट्ट्यावर मोबाईलमध्ये डोके घालून बसलेले. बापाने हाक मारली तर वर न बघता म्हणाला, "आलोच. एवढा डाव झाला की उठतो."

तो बुद्धिबळ खेळत होता. पुढे मी त्या रात्रीचे डाव मोजले. बारा ते चार या चार तासांत सत्तर डाव, त्यांतले पंचेचाळीस हरलेला!

भाऊबंदाला दोन पोती हरभरा भरून दिला आणि ते प्रकरण मिटले. घरातले मिटले नाही. थोरले बंधू मोबाईल विहिरीत टाकायला निघाले होते. वहिनी मधे पडल्या म्हणून तो वाचला. मग दादा माझ्याकडे वळले. "मास्तर, हे खूळ तुझंच हाय. तूच लावलंस ह्या घराला."

ते खरेच होते. पोराला पहिला पट मीच आणून दिला होता. माझ्या आजोबांनी मला देवळाच्या ओसरीवर देशी बुद्धिबळ शिकवले. त्या खेळात बहुतेक ठिकाणी प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाता येई आणि शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरे उडी घेता येई. समोरच्याचा एकटा राजा उरला की बुर्जी. प्याद्याने मात दिली तर त्याचा मान सर्वांत मोठा. डाव दोन-दोन दिवस चाले. पुढे शाळेत नोकरीला लागलो तेव्हा वर्तमानपत्रांत खाडिलकर भगिनींची नावे गाजत होती. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि १९७६ साली धाकट्या रोहिणीने, वयाच्या तेराव्या वर्षी, तोच मान मिळवला. त्या काळात आमच्यासारख्या कितीतरी जणांनी देशी नियम सोडून आंतरराष्ट्रीय नियम शिकून घेतले. शिवाय सांगली जवळ. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघायला मी रजा काढून जात असे. तेव्हा खूळ माझेच, हे मला कबूल करणे भाग होते.

मी दादांपुढे एक करार ठेवला. पाण्याच्या रात्री मोबाईल घरी राहील. रोज एक तास, तोही माझ्यासमोर. वर्षभरात पोरगा आहे तिथेच राहिला तर मीच मोबाईल विहिरीत टाकीन. दादा काही बोलले नाहीत. आमच्या घरात त्याला होकार समजतात.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोबाईलवर बुद्धिबळ खेळता येते ते दोन-तीन मोठ्या ठिकाणी. त्यांतले लीचेस हे २०१० साली सुरू झाले. ते पूर्ण फुकट आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि ते लोकांच्या देणग्यांवर चालते. तुम्ही बटण दाबले की जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला, साधारण तुमच्याच तोडीचा माणूस समोर येतो. दोघांनाही ठरलेला वेळ असतो. कुणी अख्ख्या डावाला एक मिनिट घेतो, कुणी तीन, कुणी दहा. घड्याळ संपले की डाव गेला, मग पटावर तुमची कितीही सरशी असो. जिंकलात की गुण वाढतात, हरलात की उतरतात. लीचेसवर नवख्याला १५०० गुणांवर धरतात आणि मग त्याच्या खेळाप्रमाणे तो वरखाली होतो. आमचे चिरंजीव त्या पहाटे १२९० वर होते. रात्री बाराला १४२० वर बसले होते!

हे उतरणे कसे होते ते तमाशाच्या फडाशेजारच्या जुगारात ज्यांनी माणसे पाहिली त्यांना सांगायला नको. एक डाव हरला की गेलेले गुण परत मिळवायचे म्हणून लगेच दुसरा. डोके तापलेले, बोट घाईत. इथे पैसा जात नाही एवढेच. झोप मात्र जाते, आणि पाणी फुटते ते निराळे.

पण माझा पुतण्या नुसता घाईत खेळत होता असे नाही. त्याला चढाई आवडते. पहिल्या चालीपासून समोरच्या राजावर तुटून पडायचे, मिळेल तिथे शह द्यायचा, उंट दे, घोडा दे, काहीही दे, पण मात कर. घरातल्या मोठ्यांना वाटले की या स्वभावामुळेच तो हरतो. माझे मत तेव्हाही वेगळे होते आणि आजही आहे. मोबाईलवरच्या थोड्या वेळाच्या खेळात चढाई करणाऱ्याला उलट फायदाच असतो. चढाई करणाऱ्याला पाचपैकी कोणतीही तीन चाली चालतात. बचाव करणाऱ्याला बऱ्याचदा एकच चाल सापडावी लागते, आणि त्याचे घड्याळ पळत असते. तेव्हा पोराचा स्वभाव मोडायचा नव्हता. त्याच्या चढाईच्या मागे काहीच उभे नव्हते, तिथे काही उभे करायचे होते.

त्यासाठी पहिले दोन आठवडे मी त्याला एकही डाव खेळू दिला नाही. हरलेले तीस डाव काढले आणि एकेक पटावर मांडला. लीचेसवर प्रत्येक डावाच्या चाली जपून ठेवलेल्या असतात, ही मोठी सोय आहे. आमच्या वेळी डाव संपला की तोंडी भांडण उरायचे. शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक डावापुढे एकच प्रश्न लिहिला: डाव नेमका कुठे गेला?

उत्तरे बघून पोरगा स्वतःच वरमला. तीसपैकी एकवीस डावांत त्याचा वजीर पहिल्या पाच-सहा चालींतच बाहेर पडला होता. सतरा डावांत त्याने किल्लेकोट केलाच नव्हता. पोरे त्याला कॅसलिंग म्हणतात, राजाला एका चालीत हत्तीच्या आडोशाला न्यायचे. आणि जवळजवळ प्रत्येक डावात वजिराच्या बाजूचा हत्ती मरेपर्यंत आपल्या घरातून हललेला नव्हता. म्हणजे समोरचा आठ जणांनिशी लढत होता आणि आमचा गडी तिघांनिशी.

वजीर लवकर काढण्यामागे एक लालूच असते. समोरच्या राजाच्या उंटापुढचे जे प्यादे असते त्याला सुरवातीला राजाखेरीज कोणीच राखीत नाही. पटावरची सर्वांत कच्ची जागा ती. वजीर आणि उंट दोघांनी तिथे नेम धरला की चार चालींत मात होते, आणि नवशिक्यावर ती होतेही. आमच्या पोराला त्या चार चालींनी सुरवातीला दहा-वीस डाव जिंकून दिले आणि त्याचाच घात झाला. समोरचा जरा जाणता असला की तो प्यादे सारून वजिराला हुसकावतो, मग घोडा काढून पुन्हा हुसकावतो. प्रत्येक वेळी त्याचा एक नवा मोहरा बाहेर पडतो आणि आपला वजीर मात्र पळत असतो.

मग मी त्याला मॉर्फीचा डाव दाखवला. पॉल मॉर्फी हा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरा नाट्यगृहात ब्रन्सविकचा ड्यूक आणि त्याचा एक सरदार मित्र यांच्याविरुद्ध तो खेळला. ते दोघे मिळून एका बाजूला, हा एकवीस वर्षांचा पोर दुसऱ्या बाजूला. सतरा चालींत मात. जगभर मुलांना हा डाव शिकवतात, पण शिकवताना शेवटची वजीर देण्याची चाल रंगवून सांगतात. मला त्यातली आठवी चाल महत्त्वाची वाटते.

सातव्या चालीला मॉर्फीच्या वजिराने एकाच वेळी दोन प्याद्यांवर नेम धरला होता. काळ्यांनी वजीर पुढे घालून राजाजवळचे वाचवले, दुसरे उघडे पडले. ते फुकटचे होते. मॉर्फीने खाल्ले असते तर काळ्यांनी शह देऊन वजिराला वजीर मारला असता, आणि एका प्याद्याची सरशी घेऊन मॉर्फी सावकाश जिंकला असता. त्याने ते खाल्ले नाही. उरलेला घोडा बाहेर काढला.

मी पोराला विचारले, "का नाही खाल्लं?"

तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. म्हणाला, "तात्या, त्याला अजून माणसं गोळा करायची होती."

पुढच्याच चालीला दुसरा उंट आला आणि काळ्याचा घोडा जखडून ठेवला. मग काळ्याने प्यादे ढकलून पांढऱ्या उंटाला धाक दिला, तेव्हा मॉर्फीने घोडा देऊन दोन प्यादी मारली, शह दिला, आणि किल्लेकोट अशा बाजूला केला की राजा आडोशाला गेला आणि त्याच चालीत हत्ती थेट शत्रूवर येऊन उभा राहिला. त्या हत्तीचाही त्याने बळी दिला आणि लगेच दुसरा हत्ती त्याच रांगेत आणला. शेवटी वजीर दिला आणि उंटाच्या जोरावर हत्तीने मात केली. डाव संपला तेव्हा मॉर्फीजवळ राजा आणि प्यादी सोडून एक हत्ती आणि एक उंट एवढेच उरले होते. काळ्याजवळ वजीर होता, हत्ती, घोडा आणि उंट होता. पण त्यातला तो हत्ती आणि तो उंट पूर्ण डावात आपल्या घरातून एकदाही हलले नव्हते. पोराने वहीत आपल्या हातानेच लिहिले: "हलला नाही तो मोहरा मेल्यातच जमा."

त्यानंतर आम्ही एक मोजणी ठरवली. राजावर चालून जायच्या आधी बोटांनी मोजायचे. तिथे आपले किती पोहोचतात आणि त्याचे किती धावून येतात. आपले जास्त असतील तरच मोहरा द्यायचा. बरोबरी असेल तर आणखी एक आणायचा. त्याबरोबर पटाचा मधला भाग बघायचा. तो मोकळा असेल तर आपण कडेने चढाई करतो आणि समोरचा मधून घुसतो. आणि दर चालीआधी, आपली असो वा त्याची, सगळे शह, सगळ्या मारामाऱ्या आणि सगळ्या धमक्या नजरेखालून घालायच्या. हे तिसरे बोलायला सोपे आहे. अंगवळणी पडायला पोराला चार महिने लागले.

बळी देणे वाईट नाही, हे त्याला पटवणे मात्र मला अवघड गेले नाही. उलट बळी देऊन काय विकत घ्यायचे ते शिकवावे लागले. त्यासाठी इव्हान्स गॅम्बिट हा प्रारंभ फार चांगला आहे. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन इव्हान्स नावाच्या वेल्श जहाजी माणसाने तो खेळात आणला. दोन्ही बाजूंचा उंट आणि घोडा बाहेर पडले की चौथ्या चालीला पांढरा वजिराकडच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे ढकलतो, सरळ काळ्या उंटाच्या तोंडात. उंटाने ते खाल्ले की शेजारचे प्यादे एक घर पुढे सारायचे. आता त्या उंटाला पुन्हा पळावे लागते. तो पळेपर्यंत पांढऱ्याची प्यादी पटाच्या मध्यावर उभी राहतात आणि मोहऱ्यांना वाटा मोकळ्या होतात. म्हणजे प्यादे देऊन चाली विकत घेतल्या. जुने लोक एका प्याद्याची किंमत तीन चाली धरीत. त्या चाली पुढच्या आठ-दहा चालींत वापरल्या नाहीत तर मात्र सौदा बुडाला, कारण समोरचा सावरतो आणि त्याचे प्यादे जास्तच राहते. कुणाला हा जुनाट खेळ वाटेल. १९९५ साली रिगा शहरात कास्पारोव्हने हाच गॅम्बिट आपल्या आनंदविरुद्ध खेळून पंचवीस चालींत डाव जिंकला होता.

ती रिगाची स्पर्धा मिखाइल ताल याच्या स्मरणार्थ होती. चढाईची आवड असणाऱ्या प्रत्येक पोराला ताल माहीत असावा, आणि त्याची दोन वर्षे मुद्दाम माहीत असावीत. १९६० साली तेवीस वर्षांच्या तालने बोटविनिकला साडेबारा विरुद्ध साडेआठ असे हरवले आणि तो त्या वेळेपर्यंतचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला. तो मोहरे असे फेकायचा की समोरच्याला घड्याळाच्या वेळात उत्तर सापडू नये. बोटविनिक पेशाने विजेचा इंजिनिअर, वय एकोणपन्नासच्या घरात. त्याने वर्षभर तालच्या डावांचा अभ्यास केला, १९६१ च्या परतीच्या सामन्यात वजीर लवकर मारून डाव शांत जागी नेले आणि तेरा विरुद्ध आठने मुकुट परत घेतला. ताल त्या वेळी आजारी होता हेही खरे. पण वजीर पटावरून गेल्यावर काय करायचे, हे चढाईवाल्याला यावेच लागते. ताल ते शिकला. १९७३ ऑक्टोबर ते १९७४ ऑक्टोबर या वर्षात तो सलग पंच्याण्णव डाव हरला नाही. चढाई त्याने सोडली नव्हती. ती केव्हा करू नये हे त्याला कळले होते.

डावाच्या शेवटाचा अभ्यास मात्र आमच्या पोराला कडू लागायचा. एक राजा, एक प्यादे, समोर एक राजा, यात मजा कसली? तो जांभया द्यायचा. इथे मला अनपेक्षित मदत झाली ती पुतणीची. ती सातवीत. भाऊ वर्षभर शिकतोय म्हणून शेजारी बसून ऐकायची, कुणी तिला शिकवत नव्हते. एका रविवारी तिने भावाचा हल्ला सगळा अंगावर घेतला, राजा आडोशाला दाबून बसली, एकेक मोहरा मारामारीत संपवला आणि शेवटी दोन प्यादी जास्त ठेवून त्याला हरवले. वहिनी भाकरी थापता थापता हसल्या. पोरगा मात्र दुसऱ्या दिवसापासून शेवटाचा अभ्यास मुकाट करू लागला. माझ्या चार महिन्यांच्या व्याख्यानाने जे झाले नव्हते ते एका डावाने झाले.

तिच्यासाठी मी नागपूरच्या दिव्या देशमुखचे डाव काढून ठेवले आहेत. दिव्याचा खेळही चढाईचाच म्हणून ओळखला जातो. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिची गाठ कोनेरू हंपीशी पडली. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. दुसरा जलद डाव तिने जिंकला तो शेवटाच्या खेळात, घड्याळ पळत असताना. वय एकोणीस. त्या विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. हा डाव मी दोघा भावंडांना एकत्र बसवून दाखवला, आणि पोराने जांभई दिली नाही.

आता रोजचा तास कसा घालवतो ते सांगतो, कारण पत्र लिहून विचारणारे विचारतीलच. पहिली वीस मिनिटे कोडी. लीचेसवर ती फुकट आणि हवी तेवढी मिळतात. खऱ्या डावांतल्या जागा असतात, दोन-तीन चालींत मात किंवा मोहरा मिळवायचा. अट एकच, उत्तर शेवटपर्यंत मनात दिसल्याशिवाय बोट लावायचे नाही. चुकलेली कोडी आठवड्याने पुन्हा. मग एकच डाव, पंधरा मिनिटांचा आणि दर चालीला दहा सेकंद वाढीव. एक मिनिटाचे डाव मी बंदच केले. त्यांत बोट शिकते, डोके शिकत नाही. उरलेल्या वेळात तो डाव पुन्हा मांडायचा, हरला असेल तर न चुकता. आधी आपल्या डोक्याने चूक शोधायची, वहीत लिहायची आणि मगच यंत्राला विचारायचे. मोबाईलमध्ये स्टॉकफिश नावाचे यंत्र फुकट मिळते आणि ते जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा बलवान आहे. १९९७ सालीच कास्पारोव्हला यंत्राने सामन्यात हरवले, त्यानंतर माणसाने तो वाद सोडून दिला. पण यंत्र चूक दाखवते, कारण सांगत नाही. कारण आपणच शोधावे लागते.

यंत्राची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला झाकून ठेवायची नाही. मधे एकदा पोराचे गुण आठवडाभरात एकदम चढले. मी वही उघडली तर त्या डावांच्या चाली त्याच्या नव्हत्या. मित्राच्या दुसऱ्या मोबाईलवर यंत्र लावून ते बघून खेळत होता. मी काही बोलायच्या आतच त्याचे खाते बंद झाले. असे खेळणे पकडण्याची तिथे व्यवस्था असते, आणि ती बरीच पक्की असते. पोरगा दोन दिवस जेवला नाही. मी त्याला एवढेच म्हणालो की सामना जिंकणारा तो मोबाईल होता, आणि त्याला चार्जरशिवाय काही लागत नाही. चूक कबूल करणारे पत्र त्याने स्वतः लिहिले, परवानगी मिळाल्यावर नवे खाते काढले आणि १५०० पासून पुन्हा सुरवात केली. हे लिहायला त्यानेच परवानगी दिली.

करार होऊन दीड वर्ष झाले. गुण म्हणाल तर आज तो १८०० च्या थोडा खाली-वर असतो. हे मोबाईलवरचे गुण, खऱ्या मानांकनाशी त्यांचा मेळ घालू नये. बारावी बऱ्या गुणांनी पार पडली. अजूनही कधी कधी डोके तापते आणि बोट सुटते. पण लागोपाठ दोन डाव हरला की मोबाईल आपणहून पालथा ठेवतो. तो नियम मात्र त्याचा, माझा नव्हे.

गेल्या डिसेंबरात तालुक्याच्या गावी लाकडी पटावर एक दिवसाची स्पर्धा होती. मोबाईलवर शिकलेली पोरे खऱ्या पटावर बावरतात, मोहरे वरून बघायची सवय नसते. म्हणून महिनाभर आम्ही दोघे ओसरीवर पट मांडून बसत होतो. शेवटच्या फेरीत त्याची गाठ एका पोक्त गृहस्थाशी पडली. मी पाठीमागे उभा होतो. अठराव्या चालीला उंट देऊन राजाचा आडोसा फोडण्याची जागा आली. दीड वर्षापूर्वीचा पोरगा असता तर क्षणात उंट गेला असता. त्याने मांडीखाली हात दाबून धरला. पटाखाली दुसऱ्या हाताची बोटे हलताना मला दिसली. तीन आपले, तीन त्याचे. मग तो हत्ती, वजिराच्या बाजूचा, जो पूर्वी मरेपर्यंत घरात बसायचा, तो उचलून त्याने मधल्या मोकळ्या रांगेत ठेवला. दोन चालींनंतर उंट दिला. सत्ताविसाव्या चालीला समोरच्या गृहस्थांनी राजा आडवा केला आणि पोराशी हात मिळवला.

चौथा नंबर आला. बक्षीस तिसऱ्यापर्यंतच होते.

घरी पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले. आठवडा पुन्हा रात्रीच्या लाईटचा होता. दादा अंगणात बाजेवर बसले होते. निकाल त्यांना फोनवरून आधीच कळला होता, पण विचारल्याशिवाय राहवले नाही.

"शेवटच्या डावात काय दिलंस म्हणं?"

"उंट."

"आणि काय घेतलंस?"

"राजा."

दादांनी मान हलवली. खोरे भिंतीला लावून ठेवलेले होते, ते त्याच्या हातात दिले. म्हणाले, बाराला लाईट येईल, खालच्या तुकड्यापासून धर. पोराने खिशातला मोबाईल काढून देवळीत ठेवला, बॅटरी घेतली आणि मळ्याच्या वाटेला लागला. तो दिसेनासा झाला तशी पुतणीने देवळीतला मोबाईल उचलला आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"तात्या, त्यानं उंट दिला तेव्हा काळा राजा ह्या बाजूला पळाला असता तर?"

मी पट आणायला उठलो.